बूथवरची दोन मतं

प्रिय साक्षी,

सप्रेम जय भीम. तुमच्या तिकडच्या, जपानमधल्या मतदारसंघाचा इतिहास काल एका बैठकीत वाचून काढला. बाबांना निवडणुकीचे आकडे आवडतात, बसतील चघळत, म्हणून एवढं सगळं जपानीतून मराठीत उतरवलंस. पण पोरी, वाचून किळस आली गं. १९९६ला बाप, २०००ला बाप, २००३ला बाप. बाप थकला तर २००५ला त्याचा मुलगा. २००९ला लोकांनी त्या मुलाला पाडला तेव्हा मला इतकं बरं वाटलं की उठून चहा टाकला. परत येऊन पुढची ओळ वाचतो तर काय, पडलेला गडी पक्षाच्या एकूण मतांच्या हिशेबात, पक्षाच्या यादीतून पुन्हा सभागृहात! लोकांनी नको म्हटलेला माणूस! आणि आता म्हणे त्याचा पुतण्या पांढरे हातमोजे घालून गाडीतून हात हलवत फिरतोय. लोकांचा हात लागायला नको म्हणून घालत असेल मेला.

आपल्याकडे तरी काय वेगळं आहे? भाईंदरची महानगरपालिका झाली तेव्हा आपल्या प्रभागात महिपतशेठ. मग त्याचा स्वप्नील. यंदा जागा बायकांसाठी राखीव झाली, तर स्वप्नीलची बायको रसिका. बॅनरवर सासरा मोठा, नवरा त्याहून मोठा, आणि उमेदवार बिचारी खाली कोपऱ्यात. हिच्यासमोर तुझी आई अपक्ष उभी राहिली, शिलाई मशीन चिन्ह घेऊन. का, तर केबिन रोडवर दिवसभर भाजी विकणाऱ्या बायकांना लघवीला जायला जागा नाही. या एका गोष्टीसाठी तिने सहा वर्षं पालिकेत अर्ज दिले. तुला फोनवर ती हे सगळं हसत सांगायची, पण प्रचारात तिच्या चपला दोनदा तुटल्या आणि आवाज पार बसला. बिल्डिंगमधल्या बायका आपल्याच घरात पोहे खाऊन म्हणायच्या, काकी, तुम्हालाच हां मत.

आता आपल्या लिफ्टचं ऐक. दीड वर्ष बंद होती, तुला माहीतच आहे. निवडणुकीआधी महिनाभर महिपतशेठने नवी बसवून दिली, पण चालू केली नाही. आपला सेक्रेटरी दारोदार सांगत फिरला की आपल्या केंद्रावरचे आकडे बघून शेठ लिफ्ट चालू करणार. उघडउघड, जिन्यात उभं राहून, लाज ना शरम! मतमोजणीला आईचा प्रतिनिधी म्हणून मीच बसलो होतो. आपल्या केंद्रावर सातशे बारा मतं पडली. आईला दोन. तिसऱ्या दिवशी लिफ्ट सुरू झाली, आत हात जोडलेल्या महिपतशेठचा फोटो चिकटवून. त्याच पोहे खाल्लेल्या बायकांनी लिफ्टला हार घातला आणि पेढे वाटले. एक पेढा आपल्या दारातही आणून दिला. शी!

त्यानंतर आई तुझ्याकडे निघून आली. जाताना चार मजले जिन्याने उतरली, बॅग माझ्या हातात. तुमच्याकडे आल्यापासून ती प्रत्येक फोनवर एकच सांगते: दोन मतं, एक माझं आणि एक यांचं, बाकी अख्खी बिल्डिंग गेली खड्ड्यात. परत येईन तर फक्त या माणसासाठी येईन, म्हणते. तू कॅमेरा तिच्याकडे वळवतेस, ती माझ्याकडे बघून हसते, आणि मी रेंज नाही म्हणून फोन ठेवतो. रेंज चांगली असते, साक्षी. म्हणून तर पत्र लिहितोय.

तुझ्या त्या इतिहासात शेवटी एक ओळ होती, तुला ती महत्त्वाची वाटली नसेल. तिकडे मशीन नाही, बटण नाही. मतदार आडोशाला जातो आणि पेन्सिलने उमेदवाराचं नाव स्वतःच्या हाताने लिहितो. तिथे मी थांबलो. पोस्टात असताना वीस वर्षं इलेक्शन ड्युटी केली, हजारो लोकांच्या बोटांना शाई लावली, पण हे कधी डोक्यात आलं नाही. तुझ्या आईचं नाव मी किती वेळा लिहिलंय! रेशनकार्डावर, तुझ्या शाळेच्या दाखल्यावर, तिच्या ऑपरेशनच्या फॉर्मवर. आडोशाला पेन्सिल हातात असती, तर त्या हाताने दुसऱ्या बाईचं नाव लिहिलं नसतं गं.

रविवारी शेजारची ममता आली. तिच्या कपड्यांचं पाणी आपल्या दारात ठिबकतं म्हणून आई तीन वर्षं जिच्याशी बोलत नाही, तीच. वाटीत सुकटीचं कालवण घेऊन दारात उभी राहिली. म्हणाली, ताईंना सांगा, भांडण भांडणाच्या जागी, दुसरं मत माझं होतं. मग विचारलं, भाऊ, तुमचं कुठं गेलं? मी वाटी घेतली आणि दार लावलं.

माझं लिफ्टला गेलं. गुडघे दुखतात, चौथा मजला, तुझी आई नाहीतरी पडणारच आहे, एका मताने काय होतंय, एवढाच विचार. बटण दाबलं, बीप वाजला. बाहेर येऊन आईला बोटावरची शाई दाखवली, तर तिने भर रस्त्यात माझा हात हातात घेतला. हॉलमधल्या बाबासाहेबांच्या फोटोकडे मी तेव्हापासून मान वर करून बघितलेलं नाही. महिपतशेठला, त्या जपानी पुतण्याला, पेढे वाटणाऱ्यांना, सगळ्यांना शिव्या घालून झाल्या. एवढं करूनही किळस कमी होत नाही, कारण ती त्यांची नाहीच.

वीस तारखेला तिचं परतीचं तिकीट काढणार म्हणालीस. त्याआधी हे पत्र तिला मोठ्याने वाचून दाखव, एक शब्द गाळू नकोस. मग तिकीट काढायचं की नाही ते तिला ठरवू दे. आणि ममताचं नाव आधी सांग. पत्र स्पीड पोस्टात टाकायला आता खाली चाललोय. लिफ्टनेच.

तुझाच,
बाबा