नातेवाईक: मोठी बहीण

३ फेब्रु., सोम.
एकटी का आले म्हणे! कोणी विचारलं नाही, पण बघतात तसंच. एकटीच येते मी. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे, पाय शाबूत आहेत.
चारकोपचा आमचा दवाखाना कुठल्याशा मोठ्या ग्रुपात गेला. बोर्ड नवा. डॉक्टर तेच, पण फक्त मंगळवारी. म्हणजे फेरी फुकट.

४ फेब्रु., मंगळ.
डॉक्टर म्हणाले, "पिकलाय, मालतीबाई. पुढच्या गुरुवारी काढू." ऑप. बोरिवलीच्या शाखेत. मशीन तिकडे.
काउंटरवरची पोरगी म्हणते सोबत माणूस पाहिजे, नाहीतर ऑप. नाही. आधी कंपाउंडर रिक्षाने घरी सोडायचा, ते सांगितलं. "आता सगळ्या शाखांना एकच नियम, आजी." शेजारची सावंतीण गावी, शिमगा करूनच येणार. दुसरं कोण?
पोरीने माझा मोबाइल नंबर टाकला नि थांबली. "आजी, हा नंबर आहे आमच्याकडे. मुलुंड शाखेत."
मी कशाला मरायला मुलुंडला जाऊ?
पेशंट शालिनी. नातेवाईक: मोठी बहीण. नंबर माझा.
शालू.

६ फेब्रु., गुरु.
सहा वर्षं बोललो नाही आम्ही. मी म्हणत होते आईला घरी नेऊ, शालू म्हणाली दवाखान्यातच ठेवू. आई तिथेच गेली. मग मी नको ते बोलले, सगळ्यांसमोर.
शालूला तरी कोण आहे? नवरा गेला, मूल नाही.
आज परत जाऊन पोरीला विचारलं, शालूचं कसलं ऑप. होतं? "ते नाही सांगता येत, आजी. सोबत माणूस हवा म्हणून दिवाळीत तुम्हाला तीनदा फोन केलेला दिसतो. उचलला नाही तुम्ही."
अनोळखी नंबर मी उचलत नाही. सगळे लोनवाले.
"मग तिला घरी कोणी नेलं गं?"
"ते कॉम्प्युटरवर येत नाही."

८ फेब्रु., शनि.
भात उरला. दिवाळीत चकल्या पाडत होते. एकटीला कशाला हव्यात, पण पाडते. हात पिठाचे. तेव्हाच वाजला असेल…

१० फेब्रु., सोम.
पोरगी म्हणते, उद्यापर्यंत सोबतच्या माणसाचं नाव द्या, नाहीतर तारीख दुसऱ्याला जाईल. "मुलुंडच्या आजींना आम्ही फोन करू का?"
"अजिबात नाही. मी करते."
केला नाही.

११ फेब्रु., मंगळ.
सकाळी लावला.
"कोण?"
"मी."
"जिवंत आहेस होय!"
"तुला काय झालं होतं गं शालू?"
"आता विचारतेस?" मग, "काम काय ते बोल."
सांगितलं. डोळा, नियम, गुरुवार, सकाळी आठ. येते म्हणाली नाही. येत नाही असंही म्हणाली नाही. दुसरंच काहीतरी बोलली. फोन ठेवला नि दवाखान्यात जाऊन पोरीला सांगितलं, तारीख माझीच ठेव. लिही, नातेवाईक: धाकटी बहीण.
शालू काय बोलली ते लिहिणार नाही. इथेसुद्धा नाही.