गंगारामचं अक्षर

चांदा, मार्गशीर्ष, बुधवार

आज नारायणभाऊंना फसवायला गेलो आणि जमलं नाही.

ठेकेदाराने लष्करी लिलावातून घेतलेली जीप दुरुस्तीसाठी माझ्याकडे आहे. लढाईत ब्रह्मदेशात हीच जीप नारायणभाऊ चालवायचे. शेजारी बसणारा त्यांचा दोस्त गंगाराम तिकडेच मेला. त्याने समोरच्या पत्र्यावर खिळ्याने आपलं नाव कोरलं होतं. भाऊंनी ते दाखवून मला बजावलं होतं, "बाकी काहीई बदल, एवढं राहू दे."

मी विसरलो. कसा विसरलो? पत्रा गंजून चाळण झाला होता, म्हणून कापून लोहाराला दिला. आठवण झाली तोवर त्याने तो भट्टीत घातला होता. मग नवा पत्रा बसवला, आठवून आठवून तेच नाव कोरलं, वर तेल-माती चोळली. हुबेहूब दिसत होतं. मलाच खरं वाटू लागलं होतं.

आज भाऊ आले. नावावरून बोट फिरवलं आणि थांबले.

"हे त्याचं अक्षर नाई. काऊन केलं असं?"

मी सगळं कबूल केलं. ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी बोटाला लागलेली तेल-माती पुसली. मग म्हणाले, "उद्या त्याच्या मायले घेऊन येतो. मुलचेऱ्याहून निघाली ते. पोराचं दुसरं काहीच नाई तिच्यापाशी."

"मग तिला काय सांगू?"

"काही नको सांगू. तिले वाचता येत नाई."

उद्या ती म्हातारी माझ्या अक्षरांवरून हात फिरवील, आणि मी बाजूला गप्प उभा राहीन.