डावीकडची वाट

१२ जानेवारी

सरांना नाही सांगून आलो. यंदा रिबनी बांधणार नाही. पळणार. पन्नास किलोमीटर, सेहेचाळिसाव्या वर्षी! सर आधी हसले, मग माझ्याकडे नीट बघितलं. शाळेत पंचवीस वर्षं खेळाचे तास घेतलेला माणूस, कोण कशासाठी पळतंय ते त्याला कळतं. म्हणाले, या वाटा तुझ्याइतक्या कोणाला माहीत आहेत? म्हटलं, म्हणूनच नको.

घरी ताईला सांगितलं. ती शिवत होती. मान वर न करता म्हणाली, ‘गुडघे कोणाचे नेणार आहेस?’

१४ जानेवारी

एकदाचं लिहून काढतो. डोक्यात घोळवून घोळवून त्याचा पार लगदा झालाय.

मी पाणीखात्यात व्हॉल्व्ह उघडायचं काम करतो. अठरा वर्षं रोज पहाटे टेकडीवरच्या जुन्या टाकीपर्यंत चढून जात होतो. सरांनी डोंगरातली शर्यत सुरू केली तेव्हा वाट आखायचं काम आपोआप माझ्याकडे आलं. आदल्या दिवशी पिशवीभर रिबनी घेऊन निघायचं आणि जिथे वाट फुटते तिथे एकेक बांधत जायचं. रिबनी ताई कापून देते, तिच्या शिवणाच्या दुकानातल्या केशरी अस्तराच्या. मी हात पोचेल तितक्या उंच बांधतो, कारण खाली बांधल्या की गुरं खातात. शर्यतीच्या दिवशी शेवटच्या माणसाच्या मागून ताई चालत येते आणि सगळ्या सोडवून गोळा करते. उंचावरच्या रिबनी काठीने ओढते, कारण तिचा उजवा खांदा दोन वर्षं अडकलाय. फळीवरचं कापडसुद्धा मीच काढून देतो.

गेल्या वर्षी शेवटचा माणूस टाकीखालच्या फाट्यावर डावीकडे गेला. डावीकडे जुनी दगडाची खाण आहे. त्यात पडला. वाचला नाही. बाकीचे एकमेकांच्या पाठोपाठ उजवीकडे गेले होते. हा एकटा होता, उजेड जात आला होता. परगावचा पोस्टमन, अडतीस वर्षांचा.

पोलिसांनी दुसऱ्या दिवशी फोटो काढले. फाट्यावर रिबन आहे. फोटोत स्वच्छ दिसते. मी जबाबावर सही केली, की हो, मी बांधली. चौकशीत निघालं, धावपटूचं लक्ष नव्हतं. पेपरात कोणीतरी चौकट टाकली: वाट चुकलेला पोस्टमन. लोक हसले असतील.

मी ती रिबन बांधल्याचं मला आठवत नाही. बाकी सगळ्या आठवतात. ओढ्यापाशी दोन, तारेच्या कुंपणाला एक, टाकीच्या शिडीला एक. त्या फाट्यावर मी थांबल्याचंच आठवत नाही. खरं सांगायचं तर तिथे फाटा आहे हेच मला अठरा वर्षांत दिसलेलं नाही. डावीकडची वाट चांगली रुंद आहे, गाडीरस्ता होता तो. परका माणूस तिकडेच जाईल. पण मी कधी डावीकडे गेलोच नाही, तर मला कशी दिसणार?

पण फोटोत आहे. म्हणजे बांधली असणार. वर्षभर त्या फोटोला धरून बसलोय.

१५ जानेवारी

आठ किलोमीटर. डांबरी रस्त्यावर. कुत्रा मागे लागला म्हणून शेवटचा एक चांगल्या वेगात झाला.

१९ जानेवारी

गेल्या वर्षीच्या त्या दिवसानंतर मी बदली मागून खालच्या पंपावर आलो. टेकडीवर गेलोच नाही. साहेबांना गुडघ्याचं कारण दिलं होतं, आणि आता पन्नास किलोमीटर पळायला निघालोय. खात्यात सगळे टर उडवतात. उडवा.

सराव टेकडीच्या अलीकडच्या बाजूला करतो. ओढा, कुंपण, परत. फाट्यापर्यंत जात नाही. तो शर्यतीतच बघायचा, पळणाऱ्याला दिसतो तसा. दमलेलं असताना, मान खाली असताना. तेव्हा कळेल, हात सवयीने वर जातो की नाही.

२३ जानेवारी

त्या आल्या.

पोस्टमनची बायको. दुकानात शिरल्या तेव्हा मला वाटलं गिऱ्हाईक. मी घरातून पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आलो, तर त्यांनी नाव सांगितलं आणि माझा हात तसाच राहिला.

त्यांना ताईला भेटायचं होतं. त्याच्याजवळ सगळ्यात आधी ताई पोचली होती. पुढच्या टेबलावरून फोन आला की एक नंबर कमी भरतोय, म्हणून तिने डावीकडे जाऊन पाहिलं, खाली उतरली, फोन केला, माणसं येईपर्यंत बसून राहिली. बाईंनी ताईचा हात धरला. म्हणाल्या, तुम्ही होतात हे बरं झालं, नाहीतर तो तिथे एकटाच असता. त्याला त्रास झाला का, एवढंच त्यांना विचारायचं होतं.

ताई म्हणाली, ‘मी पोचले तेव्हा शांत होते ते. काहीच नव्हतं.’

आणि हात सोडवून घेऊन परत मशीन चालवायला लागली. गिऱ्हाइकाचं अर्जंट आहे म्हणाली. मला जरा राग आला. दोन मिनिटं बसली असती तर काय बिघडत होतं?

बस यायला वेळ होता म्हणून मी त्यांना स्टँडपर्यंत सोडायला गेलो. यंदा मी पळणार आहे ते वाटेत सांगितलं. बाकावर बसल्यावर त्यांनी पिशवीतून त्याचं घड्याळ काढलं. पळताना घालायचं, कुठून कसा गेला ते सगळं साठवणारं. मुलाने कॉम्प्युटरवर लावून बघितलं म्हणे. फाट्यावर तो चार मिनिटं थांबलाय. थोडा उजवीकडे गेलाय, परत आलाय. थोडा डावीकडे, परत. मग डावीकडे गेलाय.

‘दम घेत असेल, असं म्हणाले पोलीस,’ त्या म्हणाल्या. ‘दम घेणारा माणूस एका जागी बसतो ना हो, दादा? हा शोधत होता. बारा वर्षांत एक पत्र चुकीच्या दारात टाकलं नाही त्याने. मुलगा माझा शाळेत सांगत नाही बाबा कसे गेले ते. लाज वाटते त्याला.’

मी बस दिसते का ते बघायला उठलो. बस आली हे बरं झालं. चढता चढता म्हणाल्या, शर्यतीच्या दिवशी मी त्या फाट्यावर येऊन बसणार आहे, तुम्ही तिथून जालच.

२४ जानेवारी

चार मिनिटं.

आज पंपावर घड्याळ लावून उभा राहिलो. चार मिनिटं फार मोठी असतात. तेवढ्यात झाडावरची पानं मोजून होतील. रिबन असती तर त्याला दिसली असती.

३० जानेवारी

बावीस किलोमीटर. उजव्या पायाच्या अंगठ्याचं नख काळं पडलं. ताईने गरम पाण्याची बादली आणून दिली. म्हटलं, ताई, तू गेलीस तेव्हा फाट्यावर रिबन होती ना? तुला नक्की आठवतंय? ‘किती वेळा विचारशील?’ म्हणाली. ‘होती म्हणजे होती.’

आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो आणि ताई सतराची. तेव्हापासून तिचं म्हणणं हाच शेवटचा शब्द. लग्न तिने केलं नाही, मग मीही राहिलो. दोघं एकमेकांच्या डोक्यावर मिरे वाटत म्हातारे होतोय. तिने होती म्हटल्यावर बरं वाटायला पाहिजे. वाटत नाही.

६ फेब्रुवारी

यंदा रिबनी बांधायला सरांनी कॉलेजातली दोन पोरं घेतलीत. फाट्यावर चार रिबनी, आणि डाव्या वाटेवर आडवा दोर. आता! जुनी रिबन पोलिसांनी हलवू नका सांगितलं होतं ती अजून तशीच आहे, सर म्हणाले. ऊन लागून पांढरी पडली आहे.

ताई यंदा मागून चालणार नाही. खांदा दुखतो म्हणे.

१२ फेब्रुवारी

उद्या. जेवण गेलं नाही. बूट बाहेर काढून ठेवलेत. ताईने पायमोजे इस्त्री केलेत! पायमोजे कोण इस्त्री करतं? काहीतरी बिनसलंय तिचं.

१४ फेब्रुवारी

काल लिहायची ताकद नव्हती. आज कालचं लिहितो.

सकाळी सहाला सुटलो. पहिले वीस ठीक गेले. ओढा, कुंपण, पलीकडची धार. सगळे दगड ओळखीचे. कुठे पाय टाकायचा ते पायालाच माहीत. मजाही वाटली थोडा वेळ, खोटं कशाला बोलू! अठ्ठाविसाव्यानंतर गुडघा बोलायला लागला. बत्तिसाव्याला ओकलो. पाण्याच्या टेबलावर सर होते, म्हणाले बस कर. केलं नाही.

टाकीवरून खाली उतरताना मान खालीच होती. पाय आपोआप उजवीकडे वळले. चार नव्या रिबनी आणि दोर, तरी मी बघितलं नाही! अंगातच ती सवय. दहा पावलं पुढे गेल्यावर मागून हाक आली, ‘दादा.’

वळलो. दगडावर बाई बसल्या होत्या, मांडीवर घड्याळ. मी परत मागे आलो. एवढी वर्षं गेली आणि फाटा पहिल्यांदा दिसला. डावीकडची वाट केवढी मोठी!

मग जुनी रिबन बघितली. फोटोत नुसती फांदी आणि रिबन होती, जवळून काढलेली. इथे उभं राहून दिसलं की ती माझ्या कमरेपाशी आहे. काटेरी झुडपाच्या खालच्या फांदीला, घट्ट, नीट, टोकं सारखी करून बांधलेली. मी आयुष्यात एवढ्या खाली रिबन बांधलेली नाही. तिच्या बरोबर वर चांगली जाड फांदी होती. हात वर जाणाऱ्या माणसाने तीच धरली असती.

हात वर न जाणारं माणूस मला एकच माहीत आहे.

मी खाली बसलो. बाईंना वाटलं पायात गोळा आला, पाणी द्यायला लागल्या. मी म्हटलं, ‘रिबन मी बांधली नव्हती. इथे काहीच नव्हतं. तुमचे मिस्टर चुकले नाहीत, मी चुकलो.’

त्यांनी घड्याळ मुठीत धरलं. मग म्हणाल्या, ‘मला माहीत होतं.’ आणि रडल्या. मला शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

नंतर विचारलंच त्यांनी, मग ही कोणी बांधली? म्हटलं, माहीत नाही. नंतर कोणीतरी बांधली असेल. हे मात्र खोटं बोललो. त्यांच्या डोळ्यांकडे न बघता बोललो.

अडतीस किलोमीटरला शर्यत सोडली. चालत सरांकडे गेलो, नंबर छातीवरून काढून दिला आणि सगळं सांगितलं. सर म्हणाले, तुझं डोकं ठिकाणावर आहे का, आता वर्षाने? म्हटलं, आता आलं ठिकाणावर.

१५ फेब्रुवारी

बाईंबरोबर पोलीस चौकीत जाऊन जबाब बदलला. मी बांधली नव्हती, एवढंच लिहून दिलं. खोटी सही केली म्हणून पुढे काय ते होईल. नोकरीचंही बघू. बाई बाहेर येऊन मुलाला फोन लावत होत्या. ‘बाबा चुकले नव्हते,’ एवढंच ऐकू आलं. मी लांब जाऊन उभा राहिलो.

ताईला सांगितलं की जबाब बदलला, तुझं नाव घेतलं नाही. आज मशीन चाललंच नाही.

१६ फेब्रुवारी

माझ्यावरच सगळं येईल म्हणून मागाहून रिबन बांधली असणार तिने. लहानपणी काच फुटली की आधी तुकडे लपवायची, मग मला ओरडायची. मला तिचा राग येत नाही. यायला हवा. पण ती पोचली तेव्हा तो गेलेलाच होता, रिबनीने त्याचं काय बिघडलं? बिघडलं ते त्याच्या नावाचं, आणि ते मी सुधारलं. असं स्वतःला समजावतोय.

१७ फेब्रुवारी

ताई आपणहून बोलली. ती पोचली तेव्हा तो गेलेला नव्हता. फाट्यावर रिबन नाही हे तिने बघितलं आणि तेवढ्यात खालून हाक आली. तिने आधी रिबन बांधली, मग उतरली. तो शुद्धीवर होता. म्हणाला, ‘तिथे रिबन नव्हती हो.’

ताई म्हणाली, ‘आहे. तुमचं लक्ष नव्हतं.’

तो म्हणाला, ‘असेल. चुकलं माझं.’