बारवेतली सुट्टी

तीर्थस्वरूप दादांच्या पायांवर अंबूनं डोकं ठेवलं असं समजावं (मानवत लांब पडतं, म्हणून कागदावरच ठेवते). तुमची कंबर, वहिनींचा दमा आणि आईचे डोळे कसे आहेत ते कळवावं. आमच्याकडं सगळे जिवंत आहेत. हे वाक्य रीत म्हणून लिहिलेलं नाही, पुढं वाचाल तेव्हा कळेल.

तुमचे दाजी बांधाच्या मुकदम्यासाठी हैदराबादेला गेले ते तुम्हाला ठाऊक आहेच. जाताना म्हणाले, आठवडाभरात येतो. मग आपल्या वकिलाला ताप आला, तो उतरला तर समोरच्याचा वकील लग्नाला गेला, तो आला तर जज्जसाहेब रजेवर. दर वेळी घरी एक कार्ड यायचं : पेशी पुढं गेली, पोरांना सांभाळावं. (हे 'पोरांना सांभाळावं' प्रत्येक कार्डात. जसं काही ते नसतं लिहिलं तर मी पोरं पूर्ण्याच्या बाजारात नेऊन विकणार होते.) आणि नेमकी त्याच वेळी शाळेला उन्हाळ्याची सुट्टी लागली. शाळेचे मुदर्रिससाहेब आपल्या गावी निघाले तेव्हा दारावरून गेले, उमाजीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि मला म्हणाले, "बच्चा होशियार है." एवढं बोलून ते चुडावा स्टेशनाच्या वाटेला असे झपाझप चालायला लागले की मला तेव्हाच काही तरी समजायला पाहिजे होतं.

आमच्या तिघांना तुम्ही तीन वर्षांत पाहिलेलं नाही म्हणून थोडं सांगते. सोजर थोरली, ती सांगितलेलं काम करते, पण करता करता आपल्यावर काय जुलूम चाललाय ते अख्ख्या गल्लीला ऐकवते. मधला उमाजी आठ वर्षांचा. तो काही मागत नाही, काही फोडत नाही, कोपऱ्यात बसून नुसता विचार करतो, आणि मला भीती त्याचीच वाटते. धाकटा मुंजा अजून पाचाचा व्हायचाय. तो त्या दोघांचं ऐकतो. ऊन इतकं की दुपारी पोरांना घरात कोंडून ठेवल्याशिवाय इलाज नाही. कोंडलेल्या पोरांनी पहिले काही दिवस कचेरी मांडली. उमाजी जज्ज, सोजर दोन्हीकडची वकील, आणि मुंजा सगळ्यांत लहान म्हणून मुजरिम. त्याला कैदेची सजा झाली, रिकाम्या कणगीत उतरवलं, आणि मग जज्ज आणि वकील दोघंही आंबे खायला बसले ते कैद्याला विसरूनच गेले. सासूबाईंना कणगीतून शिंका ऐकू आल्या तेव्हा त्याची सुटका झाली. विचारलं तर मुंजा म्हणतो, पेशी पुढं गेली होती.

आता भोपळ्यांचं सांगते, कारण सगळं तिथून सुरू झालं. मारुतीच्या देवळात भजन करणारे सटवाजीबुवा आहेत, त्यांनी नव्या वीणेसाठी दोन मोठे भोपळे आमच्या माळवदावर वाळत टाकले होते (आमचं माळवद गावात सगळ्यांत सपाट, म्हणून ज्याला जे वाळवायचं ते आमच्याकडंच येतं). भोपळे वाळून अगदी पोकळ, हलके झाले होते. उमाजी दोन दिवस त्यांच्याकडं बघत बसला होता. मला वाटलं, पोराला भजनाचा नाद लागायलाय. मी बरंच समजले.

त्या दुपारी मी कुरडयांचा चीक शिजवत होते. चीक चुलीवर असताना हात थांबवता येत नाही, गुठळ्या होतात. सोजर दारात येऊन उभी राहिली आणि तोंड वाकडं करून म्हणाली, "मला खेळायला घेत न्हाईत."

मी न बघताच विचारलं, कशात?

"बारवंत. उमाजी मुंजाला पवायला शिकवायलाय."

दादा, तो चीक तसाच राहिला, पुढं तो मांजरानंही खाल्ला नाही. मी अनवाणी पळाले. आमची बारव तुम्ही पाहिली आहे, देवळामागं, एका अंगाला पायऱ्या आहेत आणि बाकी तीन अंगांना सरळ दगडी भिंत. बघते तर मुंजा मधोमध. उमाजीनं दोन्ही भोपळे माझ्या जुन्या लुगड्याच्या काठानं त्याच्या पाठीला बांधले होते. एक सुटून आपल्या वाटेनं चालला होता, आणि दुसऱ्याच्या जोरावर मुंजा एक चाक निखळलेल्या गाडीसारखा कलला होता. एक डोळा पाण्यावर, एक पाण्यात. उमाजी पायरीवर दोरीचं टोक घट्ट धरून बसला होता. दोरीचं दुसरं टोक कशालाच बांधलेलं नव्हतं. (मुंजालाच का उतरवलं, असं नंतर विचारलं, तर म्हणाला, माझं वजन भोपळ्याला झेपलं नसतं.)

मी शेवटच्या कोरड्या पायरीवर उभी राहिले आणि तिथंच राहिले. हे लिहायला सोपं आहे. पोर इतकं जवळ होतं की त्याचा किडका दात मला दिसत होता, आणि माझे पाय हलत नव्हते. पोहायला येत नसताना उडी मारली असती तर दोघंही गेलो असतो हे मला कळत होतं, पण कळण्याचा काही उपयोग होत नव्हता. ओरडावं तर गावातले गडी रानात नाही तर झोपेत. मुंजा रडतही नव्हता. तो माझ्याकडं बघत होता, आई आली म्हणजे आता झालं, अशा भरवशानं.

तेवढ्यात मागून कोणी तरी माझ्या हातात तुळशीची माळ दिली. सासूबाई होत्या. त्यांनी कासोटा वर खोचला, नाकावर हात ठेवला आणि गडी समोरच्या भिंतीवरून मारतात तशी उडी पायरीवरूनच मारली. या बाई, ज्यांना ओसरीवरून उठताना माझा हात लागतो. त्या चार हातांत मुंजापाशी पोचल्या, त्याची मान काखेत धरली आणि उताण्या पोहत पायरीला आल्या. येताना वाटेतला सुटा भोपळाही घेऊन आल्या, सटवाजीचा म्हणून. मुंजाला पालथा करून पाठीवर थापटलं, पाणी निघालं, मग रडू निघालं. ते रडू ऐकून मी पायरीवर बसले. सासूबाई कोणावर रागावल्या नाहीत. माळ परत मागितली, पदर पिळला आणि म्हणाल्या, "माझं माहेर गोदागंगेच्या काठचं. आमच्यात पोरगी चालायच्या आधी पवायची. सुनबाई, पोरं लहान हायेत, बारव काय कुठं जात न्हाई. उद्यापून तूबी ये."

मी म्हटलं, आत्याबाई, लोक काय म्हणतील.

"लोक मघाशी कुठं होते?" एवढंच बोलून त्या घरी गेल्या.

तर अशी माझी शाळा सुरू झाली, पोरांची बंद असताना. दुपारी गाव झोपलं की सासूबाई पुढं, मागं मी, सोजर, उमाजी. मुंजाला पायरीला बांधून ठेवायचो, खरोखर दोरीनं. नऊवारी नेसून पाण्यात उतरलं म्हणजे काय होतं ते वहिनींना सांगा : सगळं लुगडं हवेनं फुगतं आणि बाई पाण्यावर टम्म पुरीसारखी होते, आणि मग हवा निघाली की दगडासारखी. दोन्ही प्रकार मी रोज केले. पाणी नाकातून गेलं, कानातून गेलं, एक बेडूक पोलक्यात गेला. सोजर आठवड्यात पोहायला शिकली आणि त्याबद्दल सगळ्या गल्लीला सांगून आली. उमाजी विचार करून शिकला. मीच तेवढी राहिले. सासूबाई माझ्या पोटाखाली हात धरून उभ्या राहायच्या आणि मी हातपाय झाडायची. एक दिवस मी पार समोरच्या भिंतीपर्यंत गेले, भिंतीला हात लावला आणि मागं वळून बघते तर त्या पायरीवर बसून माळ ओढत होत्या. हात कधी काढला ते मला कळलंच नाही. तिथं, त्या भिंतीला धरून, मी थोडी रडले. पाण्यात कोणाला दिसत नाही, ती एक सोय आहे.

सोजरनं गल्लीत सांगितल्यामुळं बातमी तुमच्या दाजींच्या चुलतभावाकडं, व्यंकटरावांकडं गेली. दाजी गावात नसले की पाटीलकी आपल्याकडं आहे अशी त्यांची समजूत असते. ते भर दुपारी छत्री घेऊन आले आणि पाठ करून उभे राहिले (मर्यादा म्हणून), आणि पाठीनंच बोलायला लागले की घराण्याची अब्रू, पाटलांच्या घरच्या बाया, हैदराबादेला कळलं तर काय. सासूबाईंनी पाण्यातूनच विचारलं, "व्यंकट, तुला पवायला येतं का?"

"न्हाई, काकू."

"मग काठापून मागं सर, बाबा."

ते सरले. दुसऱ्या दिवशी त्यांची बायको सुमनबाई आली, आम्हाला चार शब्द सुनवायला म्हणून. पायरीवर बसून तिनं ते सुनवले, मग म्हणाली लय उकडायलंय, मग पाय बुडवले. त्यानंतर ती रोज यायला लागली. आता निम्म्या गल्लीच्या बाया येतात. सटवाजीबुवांनी ते भोपळे आम्हालाच देऊन टाकले, एकदा पोरगं वाचवलेल्या भोपळ्यावर तार चढवायला मन होत नाही म्हणाले.

आणि मग तुमचे दाजी आले. मुकदमा तसाच आहे, पेशी दसऱ्यानंतर. व्यंकटराव स्टेशनावरच जाऊन उभे होते, त्यामुळं घरी पोचेपर्यंत यांना सगळं कळलेलं होतं, आणि जे घडलं नाही तेही. आले, पाणी घेतलं नाही, खाटेवर बसले. मुंजाचं काय झालं ते मी सांगितलं तेव्हा मात्र त्याला जवळ ओढलं आणि बराच वेळ सोडलं नाही. मग म्हणाले, "झालं ते झालं. आता बायांनी बारवंत जायचं न्हाई. पोरांला मी शिकवतो." पोरं नाचायला लागली. कारण बाबांनी भर पुरात पूर्णा नदी डोक्यावर गठुडं घेऊन पार केली होती, ही हकिकत त्यांनी पोरांना कितीदा तरी सांगितलेली आहे. सासूबाई तिथंच होत्या. त्यांनी माळेचे मणी जरा जोरात ओढले.

सकाळी हे पंचा घेऊन बारवेवर गेले. मागं तिन्ही पोरं, त्यांच्या मागं व्यंकटराव, आणि व्यंकटरावांच्या मागं सगळा गाव, त्यात मी आणि सासूबाईही. हे पायरीवर उभे राहिले. पाण्याकडं बघितलं. बारव कोणत्या साली बांधली ते पोरांना सांगितलं. दगड कुठून आणले ते सांगितलं. उमाजी म्हणाला, "बाबा, मारा की उडी." हे म्हणाले, उडी मारायची नसते, आधी पाण्याला नमस्कार करायचा असतो. नमस्काराला वाकले, पायरीवर शेवाळ होतं, आणि गेले. वर आले, तोंड उघडलं, पुन्हा गेले. सोजर म्हणाली, "आई, बाबा बुडायलेत," आणि गाव हसलं, कारण पुरात पूर्णा पार केलेला माणूस गंमत करतोय असं सगळ्यांना वाटलं. मला त्यांचे डोळे दिसले होते. ती गंमत नव्हती.

मी उडी मारली. गावासमोर, पदर खोचून. शेंडी हाताला लागली ती धरली (नवऱ्याची शेंडी धरल्याचं पाप लागतं का ते गुरुजींना विचारून कळवा) आणि सासूबाईंनी शिकवलं तसं उताणी पोहत त्यांना पायरीला आणलं. हे खोकले, पाणी टाकलं, गावाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, "ठीक हाय. मला बघायचं होतं, खरंच शिकली का उगं सांगायलीय." व्यंकटराव लगेच म्हणाले, वा, परीक्षा घेतली पाटलांनी. मी मान खाली घातली. संध्याकाळी हे मला एवढंच म्हणाले, "आई घेऊन जात असंल तर जात जा." चावडीत आता ते परीक्षेची गोष्ट सांगतात, आणि मी पास झाले म्हणून सांगतात. तेव्हा इकडची काही काळजी करू नये. आईला माझा नमस्कार, वहिनींना भेट झाल्यावर लुगड्याचं दाखवीन. 

तुमची धाकटी,
अंबू

ता. क. यंदा धोंड्याचा महिना लागला आहे. जावयाला बोलावून जेवू घालायची रीत आहे आणि तुमचं बोलावणं अजून आलेलं नाही, म्हणूनच एवढं लांबण लावलं. बोलवा, पण त्यांना एकट्यालाच. लहानपणी यांना पाण्यापासून घात आहे असं कोणा जोश्यानं सांगितलं, म्हणून सासूबाईंनी स्वतः मासोळी असून लेकाला गुडघ्यावर पाणी लागू दिलं नाही. पूर्णा त्यांनी रेल्वेच्या पुलावरूनच पार केली आहे. तुमच्या मळ्यातली विहीर गावापासून आड आहे. पाहुणचाराचं निमित्त करून पंधरा दिवस ठेवून घ्या आणि शिकवा. शिकवतो म्हणू नका, विहिरीत गाळ किती आहे ते बघायचंय म्हणा. बासुंदी रात्री द्या, पोट भरलेलं असलं की माणूस बुडतो.

आणखी एक. हे वाचून झालं की कागद चुलीत घाला. उडी मारल्यावर माझे पाय टेकले. पाण्याखाली अजून रुंद पायरी आहे, शिकवताना सासूबाई उभ्या राहायच्या ती, पाणी माझ्या कमरेला लागत होतं आणि त्यांच्या त्याहून खाली लागलं असतं. ते घाबरून बसले होते, उभे राहिले असते तर झालं असतं. मी उभी राहणारच होते, पण वर सगळा गाव होता. म्हणून मी गुडघे दुमडले आणि पोहतच आणलं त्यांना. सासूबाईंनी पाहिलं. घरी आल्यावर त्यांनी माझ्या ताटात तूप जास्त वाढलं आणि विषय काढला नाही.