दाखल्यावरचा एकतीस मार्च

ता. ४ मार्च

प्रिय बहिणीस,
सप्रेम नमस्कार.

मी खुशाल आहे, तूही असशील. नऊ वर्षांनी माझं अक्षर बघून दचकू नकोस, कुणाचं काही बरंवाईट झालेलं नाही. काम निघालंय म्हणून लिहिते आहे. ‘कामापुरती आठवण येते हिला’ असं तू म्हणणारच. म्हण, मला मान्य आहे.

या महिनाअखेर मी निवृत्त होते आहे, म्हणजे दाखल्याच्या हिशोबाने. त्यावर एकतीस मार्च कसा लागला ते तुझ्याइतकं कुणाला ठाऊक? तू पहिलीत बसलीस आणि मी चार वर्षांची पोर रोज शाळेच्या फाटकाशी बसून भोकाड पसरायची. चौथ्या दिवशी बाबांनी वैतागून मला हेडमास्तरांपुढे उभं केलं. ते म्हणाले, “एकतीस मार्चला सहा वर्षं पूर्ण हवीत.” बाबा म्हणाले, “मग एकतीस मार्चच लिहा की!” झालं. मी बसल्या जागी सव्वादोन वर्षांनी मोठी झाले.

शिवाय घरी येताना बाबांनी मला दटावलं, “शाळेत हिला ताई म्हणायचं नाही. कुणीतरी वय विचारेल.” मग ती हाक घरीही सुटली ती सुटलीच. तू मात्र मला शेपूट म्हणायचीस ते म्हणतच राहिलीस.

आमच्या ऑफिसातले कारकून म्हणाले, “तारीख चुकीची आहे, याला पुरावा काय?” मी तुझी जन्मतारीख सांगितली. त्यांनी बोटांवर महिने मोजले आणि चष्मा काढला. “अहो बाई, बारा नोव्हेंबरला एक मुलगी आणि पुढच्या एकतीस मार्चला दुसरी? साठ वर्षांत हे कुणाच्याच डोक्यात आलं नाही?” खूप हसले. मग म्हणाले, तुझ्या दाखल्याची प्रत आणि तुझं प्रतिज्ञापत्र पंचवीस तारखेपर्यंत आलं तर मोठे साहेब तारीख बदलून द्यायला तयार आहेत. म्हणजे आणखी दोन वर्षं दोन महिने नोकरी. फॉर्म सोबत जोडला आहे. माझा जन्म माहीत असलेलं आता तुझ्याशिवाय कुणी उरलेलं नाही.

काम तेच, इस्पितळाच्या शिवणखोलीत. चादर मधे विरली की उभी कापून कडा मधे घ्यायच्या, तीही विरली की उशीचे अभ्रे, आणि अगदी मऊ झाली की बाळंतिणींच्या खोलीसाठी दुपटी. माझ्यानंतर नवीन माणूस नेमणार नाहीत. मशीन कोपऱ्यात सरकवून तिथे औषधांचे खोके ठेवायचं ठरलंय. मला त्याचं वाईट वाटतं.

आईच्या शेवटच्या आजारपणात मला रजा मिळाली नाही ते तू अजून मनात धरून असशील. असो.

सही तेवढी कर. उत्तर नाही दिलंस तरी चालेल.

कळावे,
तुझी बहीण

ता. २४ मार्च

ताई,

लिहिलं एकदाचं. चार वेळा कागद फाडला.

तुझं पाकीट शनिवारी आलं. दाखल्याची प्रत, प्रतिज्ञापत्र, सही, शिक्का, सगळं जागच्या जागी. मी पाकीट उलटं करून झटकलं, आत बोट घालून बघितलं. चिठ्ठी नव्हती. उत्तर नको असं मीच लिहिलं होतं, तरी राग आला. मग प्रतिज्ञापत्र वाचायला घेतलं. ‘माहितीचा आधार’ या रकान्यात लोक ‘नातेवाईक’ एवढंच लिहितात. तू लिहिलंस, “मी दाराबाहेर बसून होते. सुईणीने आत बोलावून हिला माझ्या मांडीवर ठेवलं. तेव्हापासून ओळखते.”

मी मशीनवर डोकं ठेवून रडले, ताई. वॉर्डातली आया अभ्रे न्यायला आली होती, ती तशीच परत गेली.

आता एक सांगायचं आहे. आईच्या वेळी रजा नाकारली नव्हती. मी मागितलीच नव्हती. कोऱ्या अर्जावर फक्त तारीख घातली आणि तो खणात ठेवून दिला. कुणाच्या खाटेवर काय चाललंय ते मला धुवायच्या चादरीवरून कळतं. आईची चादर बघायचं धाडस मला झालं नाही. ती तू पाच महिने रोज बदललीस, एकटीने, आणि मी इथे परक्यांच्या चादरींना ठिगळं लावत बसले. वर तुला खोटं सांगितलं, आणि गेल्या पत्रात पुन्हा तेच लिहिलं. तुला ते तेव्हाच कळलं होतं. म्हणूनच तू पत्रं थांबवलीस ना?

दुसरंही ऐक. मला नोकरीचा सोस नाही. मला रविवारची भीती वाटते. शनिवारी दुपारी खोलीत शिरले की सोमवारपर्यंत बोलायला कुणी नसतं. परवाच्या सोमवारी पहारेकऱ्याने “काय बाई, बरं आहे ना?” म्हणून विचारलं तर माझ्या घशातून आवाजच फुटेना. पुढे सगळे दिवस तसेच होणार, म्हणून ही तारखेची धडपड.

आज सकाळी कागद घेऊन ऑफिसात गेले. कारकुनाने हात पुढे केला. मी विचारलं, “प्रतिज्ञापत्राची प्रत चालेल?” ते म्हणाले, “मूळच लागतं. फायलीत गेलं की परत मिळायचं नाही.” ते हात पुढे करून उभे आणि मी पिशवी छातीशी धरून उभी. शेवटी म्हणाले, “अहो, दोन वर्षं घालवताय तुम्ही!” मी म्हटलं, “घालवते.” आणि निघून आले. नऊ वर्षांत तुझ्या हातच्या तीन ओळी मिळाल्या, त्या त्यांच्या फायलीत कशा देऊ? तू कपाळावर हात मारशील. मार.

दाखल्यावर एकतीस मार्च राहील. त्या दिवशी माझा खोटा वाढदिवस आणि खरी सुट्टी. एक तारखेला दुपारच्या गाडीने तुझ्याकडे यायला निघते आहे. या वेळी कुणाकडे रजा मागायची नाही.

तू दार उघडशीलच असं नाही. तुझा राग रास्त आहे. मी फाटकाशी बसेन. चार वर्षांची असल्यापासून मला त्याची सवय आहे, फक्त आता भोकाड पसरणार नाही.

तुझं,
शेपूट