समुद्र अळणी झाला त्याची हकिकत

मुक्काम भोर, मंगळवार, दुपार

चिरंजीव अभिषेक यास आजी जाईबाईचा जयभीम आणि पोटभर आशीर्वाद.

तुझी तब्येत कशी आहे हे मी विचारत नाही. तू "ठीक" म्हणणार, आणि तेवढ्या एका शब्दासाठी पद्मजाबाईंचा हात कशाला दुखवायचा? माझं म्हणशील तर गुडघे सोडून बाकी मी ठणठणीत आहे, आणि गुडघ्यांना मी आता माझ्यात धरतच नाही. पत्र पद्मजाबाईंच्या हातचं आहे. भोरातल्या त्या रिटायर मास्तरीणबाई, ज्यांच्या दारात मी तीस वर्षं भाजीची पाटी उतरवली, त्याच. (मी शिकले नाही याचं त्यांना अजून वाईट वाटतं. मी सांगितलं, शाळा होती हो गावात, पण मधे म्हशी होत्या.) मी "न्हाई" म्हटलं की त्या "नाही" लिहितात. त्यावरून अर्धा तास भांडलो, चहा झाला, आणि निम्मं त्यांचं निम्मं माझं असं ठरलं. घरी सारिकाला, म्हणजे तुझ्या आईला, डोळे दाखवायला जाते असं सांगून आले आहे. डोळ्यांना काही झालेलं नाही. जे झालंय ते पुढं सांगते.

फोन सोडून पत्र का, असं तुझ्या मनात आलं असेल. कारण फोनवर तुझ्याशी खोटं बोलायची मला सवय लागली आहे. बटण दाबलं की जीभ आपसूक वाकडी चालते. कागदावर दुसऱ्याच्या हातानं का होईना, सरळ चालेल असं वाटलं.

तर यंत्राविषयी. दिवाळीत येऊन तू ते बसवलंस. एक नळी माशांच्या काचेच्या पेटीतलं जुनं खारं पाणी रोज दोन लिटर काढणार, दुसरी पिंपातलं नवं खारं पाणी तेवढंच ओतणार, आणि तिसरी, उन्हानं जेवढं पाणी उडेल तेवढं साधं पाणी घालून पातळी धरून ठेवणार. रोज सकाळी सहाला घुर्र करतं, दहा मिनिटांत गप्प होतं. तू हात झटकून म्हणालास, "आजी, आता कुणी काही करायचं नाही. सगळं आपोआप." मला तेव्हाच बोलायचं होतं. आपल्या भाटघरच्या धरणाचे दरवाजेसुद्धा आपोआप उघडतात, लांबून लांबून माणसं बघायला येतात. पण तुझे आजोबा त्या आपोआप दरवाज्यांपाशी खात्याचा खाकी सदरा घालून एकोणतीस पावसाळे बसून होते. मी एकदा विचारलं, दरवाजे आपले आपण उघडतात तर तुमी तिथं काय करता? म्हणाले, "उघडतात का ते बघतो." त्यांना तेवढ्यावर निवृत्तिवेतन मिळालं, म्हणजे काम खरंच असणार. पण तू घाईत होतास, आणि लाडू बांधून द्यायचे होते, म्हणून बोलले नाही.

त्याच्या आधी तू दर दुसऱ्या रविवारी यायचास. पाणी बदलायला. तुझा बाप जगन गेल्यापासून एक रविवार चुकवला नाहीस, ते मी जयभीम घालून कबूल करते. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून बादल्या भरायचास, मीठ कालवायचास, जगनच्या त्या काचेच्या नळीत डोळा घालून खारेपणा बघायचास. मी बोट बुडवून जिभेला लावायचे आणि सांगायचे, झालंय. नळीचं आणि जिभेचं नेहमी जमायचं. (जगनचंही असंच होतं. भोर डेपोची गाडी घेऊन घाटाखाली श्रीवर्धनला मुक्कामाला जायचा, आणि परत आला की म्हणायचा, "आये, मला ती लाट सोडवत न्हाई." शेवटी लॉकडाऊनमध्ये तुम्ही बापलेकांनी समुद्रच पुढच्या खोलीत आणून ठेवलात. माझी खाट मागं गेली, ती अजून मागंच आहे.) पाणी झालं की तू जेवायचास, सारिका तुला वाढत राहायची आणि मी तिला "बास, फुटंल तो" म्हणत राहायचे. यंत्र बसलं आणि पाण्याला तुझी गरज उरली नाही. दिवाळीनंतर तू आला नाहीस. हिंजवडीत काम लई असतं, मला ठाऊक आहे. मी तक्रार करत नाही. (पद्मजाबाई म्हणतात, ही तक्रारच आहे. त्यांना लिहायला बोलावलंय, तपासायला नाही.)

आता नीट वाच. पौषात एके दिवशी सारिका अंगणवाडीत गेली होती. मी पिंपाचं झाकण उघडून आत बघत होते. आत ते पांढरं बोंड तरंगत होतं, पाण्याबरोबर वरखाली होणारं. कसं लागतंय बघावं म्हणून पळीनं त्याचं डोकं पाण्यात दाबलं. पाच मिनिटांत माझा फोन वाजला. तू! "आजी, पिंप रिकामं झालंय का बघ, मला मेसेज आलाय." मी म्हटलं, भरलेलं आहे की रे. जेवलास का? तू म्हणालास, जेवलो. काय जेवलास? पोहे. दुपारी पोहे? एवढं बोलणं झालं. माझा दिवस चांगला गेला.

दुसऱ्या दिवशी मी पळी घेऊनच गेले.

अभिषेक, मी तेरा वेळा दाबलं ते. मोजता येतं मला, लिहिता येत नाही एवढंच. एकदा तू दोन मिनिटं बोललास, तुझ्या खोलीतल्या पोराच्या लग्नाचं सांगितलंस. एकदा तू मीटिंगमध्ये होतास, तरी केलास. तेराव्या वेळी तू वैतागून म्हणालास, "हे बोंडच खराब झालंय, खोटी बोंब मारतंय, मी मेसेजच बंद करून टाकतो." केलास बंद. त्यानंतर मी पळी दाबून हात दुखेपर्यंत उभी राहिले, फोन काही वाजला नाही. मला वाटलं, संपलं. ते तिथं संपलं नव्हतं.

सारिकाला तू सांगितलं होतंस, "आई, मी सांगेन तेव्हाच मीठ कालवून पिंप भर, उगाच रोज उघडू नकोस." ती बिचारी तुझ्या सांगण्याची वाट बघत राहिली. तुला मेसेज येत नव्हता, म्हणून तू सांगितलं नाहीस. पिंप खरंच रिकामं झालं. यंत्र मात्र इमानदार. रोज सकाळी सहाला दोन लिटर खारं पाणी काढत राहिलं, ओतायला काही नव्हतं, आणि खाली गेलेली पातळी ती तिसरी नळी साध्या पाण्यानं भरत राहिली. पेटी काठोकाठ. बाहेरून बघणाऱ्याला समुद्र जागच्या जागी. (हे सगळं मला कसं कळलं? तूच नंतर सारिकाला ओरडून समजावलंस, आणि स्पीकर चालू होता.)

एका सकाळी दगडावरची ती फुलं, ज्यांना तू कोरल म्हणतोस, मिटून बसलेली दिसली. आणि गेनबा बिळाबाहेर आडवा. (पद्मजाबाईंसाठी: गेनबा म्हणजे बिळातून तोंड काढून कायम रुसलेला तो करडा मासा. नाव जगननं ठेवलं, आमच्या चुलत दिरावरून. चुलत दीर हयात आहेत, त्यांना यातलं काही कळवलेलं नाही.) मी बोट बुडवून चाखलं. अळणी. कुणीतरी पातेल्यात मीठ घालायचं विसरावं तसा अळणी समुद्र. आमटी अळणी झाली की आपण काय करतो? वरून मीठ घालतो. मी खडेमिठाची बरणी आणली आणि घातलं मुठीनं. समुद्रातूनच आलेलं मीठ, समुद्र त्याला नको कशाला म्हणेल, असा माझा हिशेब. संध्याकाळपर्यंत गेनबा गेला. फुलं दुसऱ्या दिवशी पांढरी पडली, ती जांभळी मोठी, जगननं पहिल्यांदा लावलेली, तीसुद्धा. पट्ट्यांचे दोन मासे तेवढे वाचले, तेही कोपरा धरून असतात.

मग तुझा फोन आला सारिकाला. तू म्हणालास, "बाबांचं तेवढं एक राहिलं होतं, तेही तुला सांभाळता आलं नाही." सारिका म्हणाली, "चुकलं माझं." मी समोरच बसले होते, सुपात तांदूळ घेऊन. एक खडा नव्हता त्यात. तरी मी निवडत राहिले.

आज चौदा दिवस झाले. तू तिला फोन केलेला नाहीस. ती रोज पहाटे उठून मीठ कालवते, त्या नळीत डोळा घालून बघते, पिंप भरते, काच पुसते. फोन उपडा करून फडताळावर ठेवते आणि अंगणवाडीत जाते, आणि आली की आधी तो सुलटा करून बघते. जेवायला बसते, उठते, मधे काय होतं ते ताटाला कळत नाही. काल मला म्हणाली, "आत्या, मी विसरले कशी हो?" तिला वाटतं ती विसरली. मी म्हटलं, होतं गं. होतं गं म्हटलं मी! पद्मजाबाई, हे आहे तसं लिहा. "नाही" नको, "न्हाई" लिहा. तिनं काही केलं न्हाई. म्या केलं. पळीनं.

पत्राचं कारण विशेष काही नाही. ते समुद्राचं पांढरं मीठ, बादलीतलं, संपत आलं आहे. जमेल तसं कुणाबरोबर पाठवून दे. थंडी गेली तरी सकाळी गाडीवर कान बांधत जा.

तुझी आजी,
जाईबाई (अंगठा तिचाच आहे. पद्मजाबाईंनी शाई पुसायला फडकं दिलं, नवं होतं.)

ता. क. मीठ पाठवू नकोस, घेऊन ये. या रविवारी. आणि सारिकाला फोनवर काही बोलू नकोस. फोनवर ती "चुकलं माझं" म्हणते आणि तुला ते खरं वाटतं. समोर बसून बोल. मी काय केलं ते तिला तूच सांग. मी दोनदा तोंड उघडलं, दोन्ही वेळा तिनं मला पाणी आणून दिलं.

ता. क. दुसरा. रविवारी मी घरी नसेन. पासलीला माझ्या बहिणीकडं, धोंडाबाईकडं मुक्कामाला जाते आहे. तिला काही झालेलं नाही. पण मी मधे बसले की तुम्ही दोघं माझ्याशी बोलता, एकमेकांशी बोलत नाही, आणि मला ते आवडतं म्हणून मी उठत नाही. म्हणून ठरवलंय. माझ्यासाठी थांबू नकोस. मला भेटलंच पाहिजे असं काही नाही, मी काय, आहेच.

ता. क. तिसरा. (पद्मजाबाई पाकीट चिकटवत होत्या, थांबवलं.) पासलीची, वेल्ह्याकडं जाणारी गाडी रविवारी सकाळी भोरच्या स्टँडवरून साडेआठला सुटते. मी सातलाच जाऊन बसणार आहे. तू भाटघरला घरी न उतरता तसाच पुढं भोरपर्यंत आलास, तर चौकशीच्या खिडकीसमोरच्या बाकावर बघ. नाही आलास तरी मी तिथंच बसलेली असणार आहे, त्यात तुझ्यावर काही नाही.