चुलवाणाचा पहिला जाळ

कसबा बावडा,
दिवाळीनंतरचा रविवार

प्रिय संग्राम,

पाकिटावर माझं अक्षर बघून घाबरला असशील तर आधी पाणी पी. आबा ठणठणीत आहेत. आत्ता दारातल्या कट्ट्यावर बसून भुईमुगाच्या शेंगा फोडतायत आणि टरफलं माझ्याच अंगणात टाकतायत. मग फोन का नाही केला, म्हणशील. फोनवर तू ‘हां आक्का, हां आक्का’ म्हणत लॅपटॉपकडे बघत असतोस, आणि मी मुद्द्यावर यायच्या आत तुझी मीटिंग सुरू होते. पत्र मधेच तोडता येत नाही. कामाचं सांगणं शेवटी आहे. तू शेवटचं पान आधी वाचणारा आहेस हे लहानपणापासून ठाऊक आहे, तरी यावेळी सुरुवातीपासून वाच. थोरल्या बहिणीचा एवढा तरी मान ठेव.

गुरुवारी हंबीररावांच्या गुऱ्हाळाचं चुलवाण पेटलं. तुला पुण्यात राहून विसर पडला असेल म्हणून सांगते, चुलवाण म्हणजे रस आटवायच्या त्या मोठ्या काहिलीखालची भट्टी, जिच्यात उसाची चिपाडं सारत आपल्या आबांनी सेहेचाळीस वर्षं काढली. गुळव्या काहिलीजवळ उभा राहतो, रस बघतो, लोक त्याला चहा विचारतात. आबा खाली जाळावर, म्हणजे जळव्या. ‘गूळ गोड झाला तर गुळव्याचा, करपला तर जळव्याचा,’ असं ते हसून म्हणतात, पण वर्षातला एक दिवस मात्र त्यांचा असतो. हंगामाचा पहिला जाळ काडेपेटीनं लावायचा नाही, रॉकेल-डिझेलचा थेंबही नाही, कारण पहिल्या गुळाला वास धरतो. तो जाळ चकमकीचा. पणजोबांपासूनची ही रीत, आणि हंबीररावांच्या वाडवडिलांनी ती आपल्या घराकडे सोपवलेली. त्या दिवशी मालकसुद्धा हात बांधून उभा राहतो.

यंदा त्याच दिवसाची मला धास्ती होती. गणपतीपासून आबांचा उजवा हात थरथरतो. बशीतला चहा बशीतच राहत नाही. हंबीररावांनी आठवडाभर आधीच मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, ‘आक्का, औंदा आबांच्यानं न्हाई झालं, तर डिझेलचा बोळा टाकतो. आन् मग म्हाताऱ्याला घरीच बसवा की, किती राबवायचं?’ माणूस वाईट नाही, मायेनंच बोलला. पण मला दुसरंच दिसत होतं. एकदा बोळा पडला की पुढच्या वर्षी चकमक कोण मागणार? आणि आबा घरी बसले की उठणार नाहीत. पंधरा वर्षं मी त्याच गुऱ्हाळावर ढेपा बांधते, मला काय कळत नाही होय?

आता जरा मागे चल. तुला आठवतं का, पावसाळा सरत आला की आबा तुला सायकलच्या पुढच्या दांडीवर बसवून जोतिबाच्या डोंगराकडे न्यायचे? काळे लाडू आणायला. वठलेल्या आंब्याच्या फांदीवर येणारं ते अळंबं, काळंकुट्ट, टणक, अर्ध्या लाडवाएवढं. चारेक वर्षांचा असताना तू खरंच लाडू समजून त्याला चावला होतास, आणि आईनं दिवसभर तुझं तोंड धुतलं होतं. सासर-माहेर एकाच गल्लीत असल्यानं दोन्हीकडे हा किस्सा मी अजून सांगते, प्रीतीला सांगितला नसशील तर तिलाही वाचून दाखव. तर सायकलच्या दांडीवर तू, आणि मागे कॅरिअरवर भाकरीचं फडकं धरून मी. मला न्यायचे ते भाकरी सांभाळायला. आबा तुला हातात लाडू देऊन शिकवायचे, मी चार हातांवर बसून पाखरं मोजतेय असं दाखवायची. एकदा मी म्हटलं, मलाही दाखवा. तर म्हणाले, ‘तुला चूल पेटवाय येती की. आनि काय पायजे?’

मी रुसले नाही. कान मात्र तिकडेच ठेवले. कोवळा लाडू तांबूस-जांभळा असतो आणि हाताला जड लागतो, तो घ्यायचा नाही. काळा झालेला, पापडासारखा हलका, अंगठ्यानं ढकलला तरी फांदीवरून सुटणारा, तो घ्यायचा. कापला की आत कांद्यासारखे पदर दिसले पाहिजेत, राखाडी, चांदीची झाक असलेले. त्या पदरांवर ठिणगी पडली की ती मरत नाही. ज्वाला होत नाही, नुसता लाल ठिपका धरतो आणि एका पदरातून दुसऱ्यात सरकत राहतो. तुझ्या लक्षात यातलं काय राहिलं? खरं सांग. तू ठिणगी पडली की टाळ्या वाजवायचास आणि लगेच घरी जायचं म्हणायचास.

तुला दोष देत नाही. तू शिकलास, इंजिनिअर झालास, आबांनी गल्लीत पेढे वाटले तेव्हा सगळ्यांत मोठ्यानं मीच बोलत होते. पुण्यात फ्लॅट घेतलास तेव्हा आबांनी ती चकमक, ती वाकड्या कड्यासारखी पोलादाची पट्टी, दोन्ही हातांनी तुझ्या हातात दिली. वंशाची वस्तू वंशाच्या दिव्याकडे. तुझ्या शोकेसमध्ये पितळी समईशेजारी ती बघितली मी, खाली छापलेली चिठ्ठीही बघितली, ‘पणजोबांची चकमक’. छान दिसते. तेव्हापासून इथे आबा एका तुटक्या कानशीच्या तुकड्यावर गारगोटी घासून जाळ काढतात. कानशीची ठिणगी बारीक पडते, पण त्यांनी कधी कुरकूर केली नाही.

आता तुला न सांगितलेली एक गोष्ट. आठ वर्षांमागे आबांचे गुडघे गेले आणि डोंगर बंद झाला. ‘डब्यात हाईत अजून, माझ्यापुरतं फुरं,’ असं ते म्हणायचे. पत्र्याचा तो डालड्याचा डबा, तुला आठवेल. मी एकदा उघडून बघितला, तर आत दीड लाडू. त्या वर्षी सासूला देवदर्शनाचं सांगून मी एकटी जोतिबाच्या डोंगराला गेले. चार तास हिंडले आणि ओले लाडू घेऊन आले. घरी येऊन कळलं की सगळे कोवळे, सगळे फुकट. दुसऱ्या खेपेला हात बसला. नंतर महापुरानं नदीकाठची आमराई मारली. झाडं उभ्या उभ्या वाळली, आणि दोन पावसाळ्यांनी त्याच फांद्यांवर लाडू लागले. पुरानं आपली भिंत नेली पण माझी पायपीट वाचवली. गेली आठ वर्षं दर पावसाळ्यात मी लाडू आणते, फ्रिजच्या मागच्या गरम जागेत महिनाभर वाळवते, आणि आबा अंघोळीला गेले की त्यांच्या डब्यात चार टाकते. आमचे हे मला म्हणायचे, फ्रिजमागं उंदीर मेलाय का बघ. वाळवण झालं की परड्यात बसून मी स्वतः पेटवूनही बघायची. पहिल्या वर्षी बोटं सोलली. तिसऱ्या वर्षी दहा ठोक्यांत यायला लागलं.

आता गुरुवारचं. चुलवाणाला हळद-कुंकू लागलं, नारळ फुटला, चाळीसेक माणसं जमली. आबा पांढरा फेटा बांधून खाली बसले. लाडू कापून ठेवला, शेजारी नारळाचा काथ्या आणि चुरलेलं पाचट. पहिला ठोका. ठिणगी उडाली, पण हात हलला आणि ती मातीत पडली. दुसरा, तिसरा, सहावा. यंदा दसऱ्यापर्यंत पाऊस होता, हवेतच दमटपणा. दहाव्या ठोक्याला कानस हातातून निसटली. कुणी हसलं नाही, संग्राम, आणि तेच जास्त वाईट होतं. हंबीररावांनी खाकरून म्हटलं, ‘आबा, ऱ्हाऊ द्या की आता. लई केलासा,’ आणि मागे एकानं डिझेलचा बोळा काठीला गुंडाळायला घेतला.

आबांनी कानस उचलली, वर न बघता हात मागे केला आणि म्हणाले, ‘संग्राम, धर.’

तू तिथे नव्हतास. त्यांनाही ते ठाऊक होतं, पण सवयीनं जिभेवर तुझंच नाव आलं. मला लागलं ते, खोटं कशाला सांगू. मग मी पदर खोचला, पुढे गेले आणि त्यांच्या हातातली कानस घेतली. लाडवाची चकती गारगोटीच्या कडेला अंगठ्यानं दाबून धरली, म्हणजे ठिणगीला लांब जायचं कामच नाही. पहिला ठोका वाया गेला. दुसराही. तिसऱ्याला चांदीच्या पदरावर मोहरीएवढा ठिपका उमटला. मी फुंकर घातली, हळू, तान्ह्या बाळाच्या डोळ्यात गेलेला कण काढताना घालतो तशी. ठिपका सरकला, पदर लाल झाला, धुरानं डोळ्यांना धार लागली. चकती काथ्यात ठेवली, वर पाचट, तीन लांब फुंकरा, आणि भप्पकन जाळ. तो तसाच चुलवाणाच्या तोंडात सारला. चिपाडं कडकडायला लागली तेव्हा गुळव्यासुद्धा काहील सोडून खाली बघायला आला होता. माझी छाती अशी फुगली होती की ब्लाउजचे हूक तुटले नाहीत हेच नशीब.

हंबीरराव म्हणाले, ‘आक्का, तू ह्ये कवा शिकलीस गं?’ मी तोंड उघडायच्या आत आबा उठले, माझ्या खांद्याचा आधार घेतला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडले, ‘पोरगी हाय माझी! इचारतोस काय?’ एक्कावन्न वर्षांची आहे मी, संग्राम. हे वाक्य चारचौघांत ऐकायला एक्कावन्न वर्षं लागली, पण ऐकलं. आणि तो डिझेलचा बोळा टाकून द्यायला हंबीररावांनी स्वतःच सांगितलं. पुढच्या वर्षीही चकमकच, असं त्यांनी नारळाचं खोबरं वाटताना जाहीर केलं. आबा रोज सकाळी जाऊन चुलवाणाजवळ खुर्ची टाकून बसतात आणि नव्या जळव्याला शिव्या देतात. तब्येत सुधारलीय.

त्या दिवशी घरी येताना मी त्यांना डब्याची गोष्ट सांगायचं ठरवलं. म्हटलं, आबा, एक चोरी कबूल करायची आहे. तर म्हणाले, ‘डबा आठ वर्सं रिकामा झाला न्हाई. मी म्हातारा हाय, येडा न्हाय.’ मी म्हटलं, मग बोलला का नाहीत? ‘तू बोललीस व्हय?’ घराजवळ आल्यावर ते थांबले आणि म्हणाले, ‘चकमक पोराला दिली ती माझी चूक झाली. लिव त्याला. माझं नाव घालून लिव.’

म्हणून हे पत्र. मी मागत नाही, आबांनी मला दिलेली वस्तू तुझ्याकडून आणवून घेतेय. कुरिअरनं धाडू नकोस, प्रीतीला आणि पोरांना घेऊन स्वतः ये. ताज्या काकवीचे दिवस आहेत, आणि काळा लाडू कसा निवडतात ते तुझ्या पोरीला मी हातात देऊन दाखवणार आहे. चकमकीवर गंज चढला असेल तर घासू नकोस, ते माझं मी करीन. शोकेसमध्ये समईशेजारी जागा मोकळी दिसेल. त्यासाठी सोबत एक फोटो ठेवलाय, माझ्या श्रुतीनं मोबाइलवर काढून छापून आणलेला. डोळे मिटलेले, गाल फुगलेले, केस धुरानं विस्कटलेले, आणि हातात जाळ. तो तिथे लाव, आणि खाली चिठ्ठी छापून घे, ‘आबांची जळवी’.

तुझीच,
आक्का